देवराईसाठी पैसा कुठून आणायचा, आणि कुणाचा आणायचा नाही

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. लांजा-राजापूर पट्ट्यात सातजणांची संस्था, रजिस्टर होऊन दोन वर्षं झाली, काम म्हणजे देवराया, सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, पावसाळी फुलं, गावठी भाताची बियाणी आणि म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या, नमन या कोकणी लोकनाट्यातली गाणी रेकॉर्ड करणं. आतापर्यंत सगळं खिशातून चाललंय, आता दमछाक होतेय, आणि विचारताय की फंडिंग कुठे मिळेल, सीएसआरवाल्यांकडे (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीकडे) जाऊ का, मोठ्या संस्थेबरोबर पार्टनरशिप कशी करायची. मी या कामात वीसेक वर्षं आहे, पहिली सात-आठ वर्षं चुका करण्यातच गेली, त्या चुकांच्या जोरावर लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुम्ही पार्टनर शोधायला पुण्या-मुंबईच्या ऑफिसांपासून सुरुवात करू नका. राई तुमची नाहीये. ती गावकीची आहे, देवाची आहे, मानकऱ्यांची आहे, आणि कागदावर कदाचित तिसऱ्याच कुणाच्या नावावर आहे. म्हणून आधी प्रत्येक राईचा सातबारा काढा. कुठे देवाचं नाव निघेल, कुठे सरकार, कुठे चाळीस-पन्नास खातेदार ज्यातले निम्मे वारलेत आणि उरलेले नालासोपाऱ्याला. हे माहीत नसताना प्रपोजलमध्ये 'आम्ही १२ एकर देवराईचं संरक्षण करू' असं लिहून आम्ही एकदा पैसे घेतले होते आणि सहा महिन्यांनी कळलं की त्यातली चार एकर एका कुटुंबाची खाजगी आहे आणि त्यांनी किंजळ-ऐनाच्या झाडांचा सौदा आधीच करून ठेवलाय. फंडरला काय सांगणार? खरं तेच सांगितलं, पण तोंड लपवायला जागा नव्हती.

दुसरा पार्टनर, जो कुणी लक्षातच घेत नाही, तो म्हणजे गावाचं मुंबई मंडळ. कोकणातल्या कुठल्याही गावाचा खरा पैसा तिथे असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळेला पत्रे, पाण्याची टाकी, पालखीला चांदी, सगळं वर्गणीतून. आणि गेल्या तीस वर्षांत देवरायांचं सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं असं मला विचाराल तर मी जीर्णोद्धार म्हणेन. कौलारू किंवा उघड्यावरचं देऊळ पाडून तिथे आरसीसी, टाइल्स, पुढे सभामंडप, गाडी यायला रस्ता, आणि वर्गणी कमी पडली की राईतली दहा-वीस मोठी झाडं व्यापाऱ्याला. देवाचीच झाडं देवासाठी, मग दोष कुणाला द्यायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या रायांचा अभ्यास केला तेव्हाही राया तुटतच होत्या, पण तेव्हा कोळसा-लाकूड हे कारण मोठं होतं, आता मायेपोटी तुटतात, आणि मायेच्या माणसाशी भांडता येत नाही.

आम्ही एका गावात काय केलं सांगतो. सभामंडपाचं घाटत होतं, बेहड्याचं एक जुनं झाड आणि सात-आठ ऐन जाणार होते. आम्ही गावात विरोध नाही केला. परळला मंडळाची मीटिंग असते तिथे गेलो, राईचे फोटो दाखवले, बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याचं घरटं आहे आणि मादी आत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून तिला फळं भरवतो हे सांगितलं. एक काका म्हणाले, अरे हे आम्ही लहानपणी बघायचो. त्या एका वाक्यावर काम झालं. मंडप झाला, पण राईच्या बाहेर, शाळेच्या बाजूला. आणि पुढच्या वर्षी मंडळाने स्वतःहून ३१ हजार दिले, राईतल्या झाडांची मोजदाद करायला. रक्कम छोटी वाटेल, पण आजपर्यंत मी घेतलेल्या सगळ्या पैशांत तो पैसा मला सगळ्यात टिकाऊ वाटतो, कारण ते गाव नंतर कधी राखणीसाठी आमच्याकडे बघत बसलं नाही. आणि हो, मोजदाद सुरू करायच्या आधी गुरवाने देवाला कौल लावला, कौल दोनदा डावा, म्हणजे नकाराचा, आला, आम्ही दोन महिने थांबलो. फंडर असता तर टाइमलाइन चुकली म्हणून मेल आला असता.

इथेच एक कायद्याचा खड्डा दाखवून ठेवतो. देवळाच्या दुरुस्तीचा, पूजेचा, जत्रेचा खर्च संस्थेच्या हिशोबात अजिबात घेऊ नका, गावाने कितीही आग्रह केला तरी. ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी) असलेल्या संस्थेला धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, आणि सीएसआरच्या यादीत तर धार्मिक काम बसतच नाही. तुमच्या विषयात देव आणि झाड वेगळं काढता येत नाही हे मला मान्य आहे, पण व्हाउचरवर काढावंच लागतं. देवळाचा खर्च मंडळाचा, राईचा तुमचा आणि गावाचा मिळून, असे दोन वेगळे खिसे ठेवा.

आता तुमची संस्था दोन वर्षांची आहे याचा अर्थ काय ते बघू, कारण त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी लागतं, आणि सीएसआर-१ नावाचा फॉर्म भरून कंपनी मंत्रालयाचा नंबर घ्यावा लागतो, हे एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे. परदेशी पैशासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, त्यालाही संस्थेला ३ वर्षं झालेली हवीत आणि त्या ३ वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेला दिसला पाहिजे. तुमचा खर्च खिशातून झालाय म्हणजे बहुतेक तो हिशोबात आलेलाच नाही, बरोबर ना? ही चूक सगळे करतात. पेट्रोल, जेवण, रेकॉर्डर, सगळं आपल्याच पगारातून, आणि ऑडिटमध्ये संस्थेचा वर्षाचा खर्च दिसतो १८ हजार. आजपासून खिशातला पैसा संस्थेला देणगी म्हणून चेकने किंवा यूपीआयने द्या, पावती फाडा आणि मग खर्च करा. तीन वर्षांनी हाच कागद तुमचा अनुभव म्हणून उभा राहील.

१२ए-८०जी तात्पुरतं मिळालं असेल तर ते ३ वर्षांचं असतं आणि पक्क्यासाठीचा अर्ज मुदत संपायच्या निदान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, यातलं जे आधी येईल तेव्हा, करायचा असतो, हे विसरून चांगल्या चांगल्या संस्था अडकल्यात. नवीन आयकर कायद्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, तेव्हा जुन्या पीडीएफ वाचून स्वतः भरू नका, ट्रस्टची कामं करणारा सीए गाठा. ट्रस्टची कामं करणारा, हे मुद्दाम म्हणतोय. दुकानदारांचे रिटर्न भरणारा गावातला ओळखीचा सीए प्रेमळ असतो पण तो विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात द्यायचा विसरतो, आणि मग एक दिवस कंपनीचा माणूस कागद तपासताना विचारतो की हे जे सही करतायत ते तर तुमच्या नोंदीत विश्वस्तच नाहीत.

८०जी मिळालं म्हणजे देणग्यांचा पाऊस पडेल असंही समजू नका. नवीन करप्रणाली घेतलेल्या नोकरदाराला ८०जीची सूट मिळतच नाही, आणि आता बरेचजण त्याच प्रणालीत आहेत. त्यामुळे 'टॅक्स वाचेल' हे सांगून पैसे मागायचे दिवस गेले, मला विचाराल तर बरंच झालं. लोकांना काम दाखवा. आमचे नियमित देणारे साठ-पासष्ट लोक आहेत, महिना ३०० ते १००० देतात, त्यांना आम्ही महिन्यातून एक व्हॉट्सॲप मेसेज पाठवतो, एक फोटो आणि पाच ओळी, बस. कुठल्या राईत या महिन्यात काय फुललं, कुठल्या आजीने कुठली ओवी सांगितली. या पैशातून आमच्या एका फील्डवरच्या मुलाचा पगार निघतो, आणि तो एकच पगार असा आहे जो कुठल्याही प्रोजेक्टच्या संपण्यावर अवलंबून नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींबद्दल एक बारीक पण कामाची गोष्ट. तुमच्या गावचा मुलगा न्यू जर्सीत आहे आणि त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही, एफसीआरए नसतानाही घेता येतो. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, तो परदेशी पैसा झाला, घ्यायचा नाही. माया दोघांची सारखीच असते, पण कायदा पासपोर्ट बघतो. पासपोर्टची कॉपी मागायला लाजू नका.

मोठ्या संस्थेच्या छत्राखाली काम करणं हा दोन-तीन वर्षांसाठी चांगला रस्ता आहे. म्हणजे पैसा त्यांच्याकडे येतो आणि ठरलेलं काम तुम्ही करता. फक्त तो पैसा देशातला आहे की एफसीआरए खात्यातला हे आधी विचारा, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा पैसा एका संस्थेने दुसरीला द्यायचाच नाही, दोघींकडे नोंदणी असली तरी नाही. ही दुरुस्ती झाली तेव्हा तुमच्यासारख्या छोट्या संस्थांचं कंबरडंच मोडलं, कारण परदेशी फाउंडेशन थेट तालुक्यातल्या संस्थेपर्यंत येत नाहीत, मधल्या संस्थेमार्फतच पैसा झिरपायचा. २००८ ते २०१५ मध्ये सीईपीएफ नावाचा आंतरराष्ट्रीय निधी पश्चिम घाटात होता, बंगळुरूची एट्री संस्था त्याचं इथलं काम बघायची, साधारण ६० लाख डॉलर त्यातून आले, आणि त्या काळात सह्याद्रीत बरंच चांगलं काम उभं राहिलं. पण निधी गेला की काय होतं हेही तेव्हाच बघितलं. ज्यांनी त्या वर्षांत फक्त अहवाल केले त्यांच्याकडे अहवाल राहिले, ज्यांनी माणसं तयार केली त्यांचं काम अजून दिसतं.

आता सीएसआर, ज्यासाठी तुम्ही मुळात लिहिलंत. कंपनी कायदा २०१३ चा, ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटीच्या वर आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. कुठे, तर त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या कामांवर, आणि त्यात पर्यावरण-वनस्पती-प्राणी हा एक मुद्दा आहे आणि वारसा-कला-संस्कृती हा दुसरा. तुमचं काम दोन्हीत बसतं, आणि खरं सांगू, तीच तुमची अडचण आहे. पर्यावरण बघणारी मॅडम म्हणते ओव्यांचं काय करू, संस्कृती बघणारा साहेब म्हणतो बियाणं माझ्याकडे येत नाही. त्यांना समजावत बसू नका. एका प्रपोजलमध्ये एकच मुद्दा घ्या, दुसरा त्याच्या पोटात ठेवा. बियाण्याच्या प्रपोजलमध्ये 'वाणांची पारंपरिक माहिती नोंदवणे' असं काम टाकलं की कुठला भात बाळंतिणीला देतात, कुठल्या भाताची ओवी आहे, कुठला शिमग्याच्या पोळ्यांना लागतो हे सगळं त्यात येतं. ती ओवी गेली तर तो भात कशाला पेरायचा हेही काही वर्षांत विसरलं जातं, हे तुम्हाला-मला माहीत आहे, फॉर्मला माहीत असायची गरज नाही.

कंपनीवाल्यांना झाडं लावायची असतात. कितीही सांगा, गाडी तिथेच येते. आकडा पाहिजे, बॅनर पाहिजे, सगळ्यांनी टी-शर्ट घालून एक दिवस खड्डे भरायचे. आमच्याकडे एका कंपनीने एका दिवसात पाच हजार रोपं लावायचा प्रस्ताव आणला, जागा म्हणे हा मोकळा कातळ पडलाय ना. त्या सड्यावर पावसाळ्यात काय काय उगवतं, कुठली कीटकभक्षी, कुठली कंदवाली, आणि त्याच कातळावर कातळशिल्पं कोरलेली, जी २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि हे त्यावर माती टाकून गुलमोहर लावणार. मी नाही म्हटलं. त्या वर्षी आमच्याकडे पगाराला पैसे नव्हते, घरी बोलणी खाल्ली, पण सड्यावर किंवा राईत वृक्षारोपणाला हो म्हणणारी संस्था हे काम करते असं मला म्हणता येणार नाही. राईला रोपं नकोच असतात, ती स्वतः उगवते, तिला फक्त गुरं, आग आणि कुऱ्हाड यांच्यापासून राखायचं असतं. राखणीला माणूस लागतो, आणि कंपन्या नेमका माणसाचा पगार द्यायला का कू करतात.

यावर आमचा उपाय असा. नकार देताना हातात दुसरं काहीतरी ठेवतो. टी-शर्टवाल्यांना सांगतो की तुमचे चाळीस लोक ऑक्टोबरात आणा, भात कापणीला, वाण वेगळे काढायला, वाळवायला, किंवा राईभोवतीची आग-रेषा साफ करायला फेब्रुवारीत. घाम निघतो, फोटोही चांगले येतात. आणि आकडा म्हणून 'लावलेली झाडं' च्या जागी 'राखलेली मोठी झाडं' द्या, छातीएवढ्या उंचीवर घेर मोजून प्रत्येकाला नंबर द्या. चारशे झाडं राखली आणि दर वर्षी मोजून दाखवली, हा आकडा रोपांच्या आकड्यापेक्षा तपासायला सोपा असतो, कंपनीच्या ऑडिटरलाही आवडतो.

पगाराबद्दल एक गैरसमज दोन्हीकडे असतो. प्रशासकीय खर्च ५ टक्के ही जी मर्यादा आहे ती कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवायच्या खर्चावर आहे. तुमचा राखणदार, बियाणं गोळा करणारी ताई, हे प्रोजेक्टचा खर्च आहेत. कंपनीच्या नवीन पोरांना हे माहीत नसतं, ती सरसकट ५ टक्के म्हणून कापतात, तेव्हा नम्रपणे नियम वाचायला सांगा. आणि शक्य असेल तर 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून मंजूर करून घ्या, तो सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. एका वर्षाच्या बियाण्याच्या प्रोजेक्टला काही अर्थ नाही, पहिल्या खरिपात तर वाण कुठला आहे हेच कळतं.

बजेट कसं दिसावं म्हणून साधं उदाहरण देतो. गावातले दोन कार्यकर्ते, महिना १६ हजार, वर्षाचे ३ लाख ८४ हजार. एक समन्वयक २८ हजाराने, ३ लाख ३६ हजार. म्हणजे माणसांवरच ७ लाख २० हजार. प्रवास १ लाख २०, ऑडिट आणि फॉर्म ६० हजार, माहिती आणि गाणी देणाऱ्यांचं मानधन दीड लाख, बियाणं महोत्सव १ लाख, आणि १ लाख राखीव. साडेबारा लाख झाले. यात तुमच्याकडे कमी पडते ती नेहमी राखीव रक्कम आणि ऑडिट, कारण लिहायला लाज वाटते. लिहा. आणि याच्या बाजूला गाव काय देतंय त्याचा रकाना करा, बैठकीला देवळाची ओसरी, जेवणाला तांदूळ, चार दिवसांचं श्रमदान, बियाणं ठेवायला एखाद्याच्या घरातली मुडी. पैशात मांडा. आम्ही पहिल्यांदा मांडलं तेव्हा गावाचा वाटा फंडरच्या निम्म्याने निघाला, आणि मीटिंगमधला सूरच बदलला, कारण मग आम्ही मागणारे उरलो नाही.

एक कंपनी मात्र घ्यायची नाही. ज्या प्रकल्पासाठी किंवा खाणीसाठी तुमच्याच गावांची जमीन मोजली जातेय त्या कंपनीचा सीएसआर. पैसे जास्त असतात, कागद लवकर होतात, मॅनेजर फार गोड बोलतो. मी असा पैसा एकदा घेतलाय, फक्त शाळेतल्या मुलांच्या निसर्गवहीसाठी, आणि पुढच्या ग्रामसभेत आमच्याच वहीवरचा लोगो दाखवून एक आजोबा म्हणाले, तुम्ही आता तिकडचे. दोन वर्षं त्या गावात पाऊल ठेवता आलं नाही.

सरकारी बाजूला पैसा कमी आणि चकरा जास्त, पण तिथली भागीदारी टिकते. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायलाच हवी. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली तेव्हा घाईघाईत नोंदवह्या झाल्या, कित्येक गावांत एकाच साच्याच्या, एका गावात तर मी किनाऱ्यापासून लांब असून पापलेटची नोंद बघितली आहे. पण ती वही आहे, समिती कागदावर आहे, म्हणजे तुम्हाला दार आहे. ग्रामसेवकाला भेटा, वही अद्ययावत करायची जबाबदारी घ्या, समितीचा ठराव घ्या. राज्य जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. समितीचा ठराव प्रपोजलला जोडला की फंडरच्या डोळ्यांत तुमची उंची एकदम वाढते. फक्त वैदूची औषधं वहीत तपशिलाने लिहू नका, कुठलं झाड आहे तेवढं लिहा, कशात मिसळतात ते त्याच्याकडेच राहू दे.

राज्य सरकारने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२ कोटींच्या वर मंजुरी दिली, त्यात स्थानिक पिकांचे वाण, देशी गुरं, सागरी जीव असे विषय होते. असा पैसा तुमच्यापर्यंत थेट येत नाही, कृषी विद्यापीठं आणि मोठ्या संस्थांकडून येतो. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी ओळख ठेवा. मुणगा, पटणी, वालय असे वाण शेतकऱ्याच्याच नावावर नोंदवायला २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात सोय आहे, शेतकऱ्याला फी नाही, आणि वाण जपणाऱ्या समूहाला त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाचा १० लाखांचा पुरस्कार असतो. अर्ज समूहाच्या नावाने करा, संस्थेच्या नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या, देशी बियाणी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली, मागे बायफ या संस्थेचं कित्येक वर्षांचं काम होतं, पण नाव राहीबाईंचं झालं हे बघा. बायफची किंमत त्याने कमी झाली नाही.

वेळासचंही तसंच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. नंतर कासव महोत्सव झाला, लोक बघायला यायला लागले, राहायला गावातलीच घरं, जेवण गावातल्याच बायकांच्या हातचं, पैसा थेट घरात. काम वन विभाग आणि गावाकडे गेलं. वन विभागाच्या कांदळवन कक्षाने २०१८ पासून मच्छीमारांसाठी असंच साधं काहीतरी केलं, जाळ्यात कासव किंवा देवमासा अडकला आणि जाळं कापून सोडला तर जाळ्याची भरपाई २५ हजारांपर्यंत. या दोन गोष्टींत मला आवडतं ते हे की जपण्याचा भुर्दंड ज्याच्यावर पडतो त्याच्याच हातात पैसा जातो. तुमच्या राईत तो भुर्दंड कुणावर पडतो? ज्या कुटुंबाने सौदा मोडून झाडं ठेवली त्याच्यावर. त्याच्यासाठी काय करता येईल ते आधी शोधा, माहितीपट नंतर.

त्यावर उत्तर शोधलं ते पुण्याच्या एईआरएफ संस्थेने. संगमेश्वरकडे खाजगी जंगलवाल्यांशी करार केले, तोडू नका, त्याचा मोबदला घ्या. आणि बेहडा-हिरड्याची फळं नीट पद्धतीने गोळा करून फेअरवाइल्ड या, रानातला माल जपून गोळा केल्याच्या, प्रमाणपत्रासह विकली, ब्रिटनमधली पक्का हर्ब्ज ही चहाची कंपनी गिऱ्हाईक. बेहड्याच्या लाकडाला फारसा भाव नाही म्हणून तो सरपणात जायचा, फळाला भाव आला तर झाड उभं राहतं, धनेशाची ढोली राहते. पण बघून लगेच उडी मारू नका. फळ वाळवणं, प्रतवारी, बुरशी न लागू देणं, प्रमाणपत्राचा दरवर्षीचा खर्च, गिऱ्हाइकाने ऑर्डर कमी केली तर काय, हा धंदा आहे आणि धंदा करणारी माणसं वेगळी लागतात. आम्ही कोकमात हात घालून बघितला, दोन वर्षांत ७० हजार बुडाले, आगळाच्या बाटल्या अजून माळ्यावर आहेत.

ओव्या-गाण्यांबद्दल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या आणि त्या आज परीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात, प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव. तेवढी एक शिस्त उचला. विद्यापीठाबरोबर करार करताना रेकॉर्डिंगची एक प्रत गावात राहणार, छापलं तर गाणारीचं नाव येणार, आणि ती नको म्हणाली तर काढून टाकणार, हे तीन मुद्दे लिहून घ्या. आमच्या पहिल्या करारात हे नव्हतं, एका संशोधकाने आमची दोन वर्षांची रेकॉर्डिंग नेली, पेपर झाला, आभाराच्या ओळीत 'स्थानिक रहिवासी' असा उल्लेख. त्या रहिवासी आजीने मला विचारलं, माझा आवाज कुठे गेला रे? तिला मानधनसुद्धा दिलं नव्हतं आम्ही तेव्हा. आता देतो, बसवून, पाकिटात, हातात. आणि करार झाला की वनस्पतींचे नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेसारख्या ठिकाणी नीट जमा करा, घरच्या वर्तमानपत्रात दाबलेली फुलं वाळवी खाते.

तर तुमच्यासाठी क्रम असा दिसतो मला, यंदा सातबारे, हिशोब, मुंबई मंडळं आणि समितीचे ठराव, पुढच्या वर्षी एखाद्या मोठ्या संस्थेबरोबर देशातल्या पैशावर एकाच तीन-चार गावांच्या पट्ट्यात काम, आणि तिसरं वर्ष पूर्ण झालं की सीएसआर-१. एफसीआरएचं तूर्त डोक्यातून काढा, ते मिळवणंही अवघड आणि सांभाळायला वेगळा माणूस लागतो.

आणि जेव्हा केव्हा पहिला करार सही कराल तेव्हा एक अट घालून घ्या. वर्षाचा हिशोब ३१ मार्चला संपतो आणि शिमगा नेमका त्याच्या आसपास. पालखी घरोघर फिरत असते, मुंबईकर सगळे गावात, तुमचा कार्यकर्ता खेळ्यात नाचतोय, गुरव भेटत नाही, मानकऱ्याची सही मिळत नाही, आणि इकडे फंडर खर्चाचा दाखला आणि गावकऱ्यांच्या सह्यांचा ठराव मागतोय. आम्ही आता करारातच लिहून घेतो की गावाच्या सह्या जानेवारीअखेर घेऊ आणि अंतिम अहवाल एप्रिलच्या शेवटी देऊ. कंपनीच्या बाईंनी विचारलं होतं, असं का. म्हटलं, मार्चमध्ये देव गावात असतो.

सातबारे काढलेत की पाठवा, एकेक बघू.